वेब टेक्नॉलॉजी हा विषय घ्यावा का? एमसीएच्या एका सेमिस्टरचा माझा अनुभव

ज्युनियर पोरी रोज एकच विचारायल्यात, "ताई, इलेक्टिव्हला वेब टेक्नॉलॉजी घेऊ का दुसरं काही घेऊ?" प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगायचं म्हणजे अर्धा तास जातो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. विषयाचं पूर्ण नाव वेब टेक्नॉलॉजीज अँड इंटरनेट प्रोग्रॅमिंग, आठवड्याला चार लेक्चर, दोन प्रॅक्टिकल आणि शेवटी मिनी प्रोजेक्ट. कॉलेज सोलापुरातलंच आहे, पण खाली काही तक्रारी लिहिल्यात म्हणून नाव घेत नाही, आणि शिकवणाऱ्या मॅडमचं पण नाव टाकत नाही कारण त्यांना विचारलेलं नाही.

थोडक्यात सांगायचं तर घ्या. शिकवणं एकदम भारी, लॅब आणि जर्नल मात्र जुनं, आणि ह्या विषयाचा जो शेवटचा टप्पा असतो, म्हणजे आपली साईट खरोखर लोकांसमोर आणणं, तो कॉलेजात होतच नाही, तो तुम्हाला स्वतः करावा लागतो. मी केला म्हणून मला विषय कळला, नाहीतर मार्क मिळाले असते आणि विसरले असते.

माझं आधी सांगते म्हणजे कुठल्या नजरेनं लिहितेय ते कळेल. मी बीएस्सी ईसीएस (एंटायर कॉम्प्युटर सायन्स) करून चार वर्षं अशोक चौकाकडच्या एका टॉवेल-चादरीच्या होलसेल दुकानात बिलिंगला होते, अजूनही दुपारनंतर तिथंच असते, सकाळी कॉलेज. दुकानाच्या मालकांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. एचटीएमएल मला आधी येत होतं, म्हणजे टेबल काढता येत होतं, रंग देता येत होता. पण ब्राउझरमध्ये पत्ता टाकून एंटर दाबल्यावर मधे काय होतं हे विचारलं असतं तर काहीच सांगता आलं नसतं.

आणि मॅडमनी पहिल्या आठवड्यात नेमकं तेच धरलं. पहिलं लेक्चर इंटरनेट आणि वेब ह्यातल्या फरकावर. दोन्ही एकच असं आम्ही सगळे धरून चाललेलो. इंटरनेट म्हणजे जोडलेली कॉम्प्युटरं आणि त्यांची बोलायची पद्धत, अर्पानेटनी, म्हणजे अमेरिकेतल्या इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कनी, टीसीपी-आयपी ही बोलायची पद्धत घेतली ते 1 जानेवारी 1983 ला. वेब त्यावर नंतर बसलं, टिम बर्नर्स-ली यांनी 1989 मध्ये सर्नमध्ये (युरोपातली फिजिक्सची मोठी प्रयोगशाळा) प्रस्ताव मांडला आणि 30 एप्रिल 1993 ला सर्ननी ते सगळ्यांना फुकट वापरायला मोकळं करून दिलं. मॅडम म्हणाल्या, "त्या दिवशी त्यांनी पैसे मागितले असते तर आज तुम्ही ह्या वर्गात हा विषय शिकत नसता." आपल्याकडं सर्वसामान्य लोकांना इंटरनेट मिळालं ते तेव्हाच्या व्हीएसएनएल ह्या सरकारी कंपनीकडून 15 ऑगस्ट 1995 ला. तारखा परीक्षेला येतात म्हणून लिहून घ्या, पण त्या लेक्चरमध्ये मला खरं लागलं ते हे की ईमेल, व्हॉट्सअॅपचे मेसेज हे सगळं इंटरनेटवर चालतं, वेब हा त्यातला एक भाग आहे फक्त.

दुसऱ्या प्रॅक्टिकलला मॅडमनी ब्राउझर बंद करायला लावलं. टेलनेट उघडा म्हणाल्या, म्हणजे दुसऱ्या मशीनशी थेट टाइप करून बोलायचा जुना प्रोग्राम. विंडोजमध्ये टेलनेट आधीपासून चालू नसतं, विंडोज फीचर्समध्ये जाऊन टिक करावं लागतं, त्यातच पंधरा मिनिटं गेली. मग लोकलहोस्ट (म्हणजे आपलंच मशीन), पोर्ट 80 (वेब सर्व्हरचं ठरलेलं दार), काळी स्क्रीन. त्यात हातानं टाइप करायचं, पहिल्या ओळीत गेट, स्लॅश, मग एचटीटीपी (ब्राउझर आणि सर्व्हरची बोलायची भाषा) स्लॅश 1.1, आणि टाइप केलेलं दिसत पण नाही, आंधळेपणानंच टाइप करायचं. मी दोनदा एंटर दाबलं आणि उत्तर आलं, 400 बॅड रिक्वेस्ट. शेजारच्या पोरीला पण 400. मॅडम मागं उभ्या होत्या, म्हणाल्या, "होस्ट कुठाय?" 1.1 मध्ये होस्टची ओळ लागतेच, कारण एकाच सर्व्हरवर, एकाच आयपीवर (मशीनचा नेटवरचा नंबर) शंभर साईट असू शकतात, कुणाकडं आलाय हे सांगितलं नाही तर सर्व्हर कुणाला हाक मारणार. होस्टची ओळ टाकली, परत दोनदा एंटर, आणि धडाधड उत्तर आलं, 200 ओके, तारीख, सर्व्हर अपाची (पानं पाठवणारं सॉफ्टवेअर), कंटेंट लेंग्थ, मग एक रिकामी ओळ आणि त्याखाली माझंच एचटीएमएल.

ती रिकामी ओळ मला अजून डोळ्यासमोर दिसते. तिच्या वर सर्व्हर स्वतःबद्दल बोलतो, तिच्या खाली आपलं पान. इतकी वर्षं फक्त खालचंच बघत होते. नंतर एका बाहेरच्या साईटला तसंच विचारलं तर 301 आलं, म्हणजे आम्ही इथून कायमचे हललोय, नवीन पत्ता लोकेशनच्या ओळीत, तो एचटीटीपीएसचा, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येऊ नये असं बंद करून पाठवणाऱ्या एचटीटीपीचा. आणि 404 ला लोक साईट बंद पडली म्हणतात ते पण चूक, 404 आलं म्हणजे सर्व्हर जागा आहे, त्यानं उत्तर दिलंय, फक्त त्या पत्त्यावर काही नाहीये. हे एवढं एक प्रॅक्टिकल नीट मन लावून करा, बाकी पूर्ण विषय ह्यावरच उभा आहे.

त्याच्या पुढच्या आठवड्यात वायरशार्क लावलं, म्हणजे नेटवर्कवरून जाणारी माहिती दाखवणारा प्रोग्राम. आम्हीच बनवलेलं लॉगिनचं पान, साधं एचटीटीपीवर, एकीनं पासवर्ड टाकला आणि दुसऱ्या स्क्रीनवर पॅकेटमध्ये तो पासवर्ड जसाच्या तसा वाचता आला. वर्गात एकदम शांत झालं. त्या दिवसापासून मी बस स्टँडच्या फुकट वायफायवर कुलूप नसलेल्या (म्हणजे एचटीटीपीएस नसलेल्या) साईटला काही भरत नाही.

सेशन आणि कुकीचं लेक्चर पण सांगायलाच पाहिजे, कारण पुस्तकातनं मला ते दोन वर्षं कळलं नव्हतं. एचटीटीपीला काही आठवत नाही, प्रत्येक रिक्वेस्ट नवीन माणूस. मग लॉगिन केलेलं पुढच्या पानावर कसं लक्षात राहतं? मॅडमनी गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेतलं उदाहरण दिलं. देवळाबाहेर चप्पल स्टँडवर चप्पल दिली की बिल्ला मिळतो. स्टँडवाल्याला तुमचं तोंड आठवत नाही, हजारो माणसं, पण बिल्ला दाखवला की बरोबर तुमची चप्पल काढून देतो. बिल्ला म्हणजे कुकीतला (ब्राउझर जपून ठेवतो ती छोटी चिठ्ठी) सेशन आयडी, चप्पल म्हणजे सर्व्हरवर ठेवलेली तुमची माहिती. चप्पल तुमच्याकडं नसते, फक्त नंबर असतो. आता बिल्लाच कुणी खिशातून मारला तर? स्टँडवाला त्याला चप्पल देऊन टाकणार, त्याची काही चूक नाही. सेशन हायजॅकिंग म्हणजे एवढंच. म्हणून कुकीला एचटीटीपी-ओन्ली लावायचं, म्हणजे पानावरच्या जावास्क्रिप्टला (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) ती वाचता येत नाही, आणि सिक्युअर लावायचं म्हणजे ती फक्त एचटीटीपीएसवरच जाते. आणि बिल्ल्याचे नंबर ओळीनं 1, 2, 3 असे कधीच द्यायचे नाहीत, नाहीतर कुणी पण पुढचा नंबर सांगेल. संक्रांतीला गड्ड्यावर गेले तेव्हा हातातला बिल्ला बघून मला सगळं लेक्चर आठवलं.

जावास्क्रिप्टला मॅडमनी कमी वेळ दिला असं मला वाटतं, आणि ही तक्रार मी फीडबॅक फॉर्ममध्ये पण लिहिलीय. दोन आठवड्यात आटपलं. ही भाषा ब्रेंडन आइक यांनी 1995 मध्ये नेटस्केप ब्राउझरसाठी दहा दिवसांत पहिल्यांदा उभी केली, आणि तेव्हाच्या काही गोष्टी आज पण तशाच आहेत, कारण त्या बदलल्या तर जुन्या साईटी मोडतील. मला त्याचा चटका प्रोजेक्टमध्ये बसला. ऑर्डर फॉर्म केला, 12 डझन नॅपकिन आणि 6 डझन टॉवेल टाकले, एकूण आलं 126 डझन. दोन तास बघत बसले, गणित बरोबर, कोड बरोबर. मग कळलं की इनपुटच्या डब्यातून जे येतं ते अक्षर म्हणून येतं, आकडा म्हणून नाही, आणि अधिकचं चिन्ह अक्षरांना नुसतं एकमेकांना चिकटवतं. आधी नंबरमध्ये बदलून घ्यायचं. त्यात गंमत अशी की वजाबाकी केली तर ती बरोबर येते, कारण वजाचं चिन्ह अक्षरांवर चालत नाही म्हणून भाषा स्वतःच आकडा करून घेते. त्यामुळं अर्ध्या ठिकाणी बरोबर आणि अर्ध्या ठिकाणी चूक, आणि नेमकं चुकतंय कुठं तेच सापडंना. हे वर्गात दहा मिनिटात दाखवता आलं असतं.

आता लॅब. खरं लिहिते कारण पुढच्या बॅचला तरी बदल व्हावा अशी मनापासून इच्छा आहे.

एका मशीनवर दोघी. एप्रिलमध्ये प्रॅक्टिकल, सोलापूरचं ऊन तुम्हाला माहितीच आहे, पंखे गरम हवा फेकायलेत, मधेच लाईट गेली की सेव्ह न केलेलं गेलं. हे एकवेळ चालेल, हे सगळीकडंच असतं. पण जर्नल? छापील जर्नलमधले पीएचपीचे (सर्व्हरवर चालणारी भाषा) प्रोग्राम अजून मायएसक्यूएल-कनेक्ट (मायएसक्यूएल डेटाबेसला जोडणारं जुनं फंक्शन) वापरून लिहिलेत. ते फंक्शन पीएचपी 7 मध्ये काढून टाकलं, 2015 ला. लॅबमध्ये एक्झाम्पमध्ये (अपाची, पीएचपी आणि डेटाबेस एकत्र देणारं पॅकेज) पीएचपी 8, जर्नलमधला प्रोग्राम जसाच्या तसा टाकला की कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन. पोरीपोरं घाबरतात, आपलंच काहीतरी चुकलं म्हणतात, काही जणी तर रडकुंडीला आलेल्या. मॅडम सांगतात की त्याऐवजी मायएसक्यूएलआय किंवा पीडीओ ह्या नव्या पद्धती वापरा, शिकवतात पण तेच, पण जर्नलमध्ये मात्र छापलंय तेच लिहून द्यावं लागतं, कारण तपासणारे ते बघतात. म्हणजे चालणारा प्रोग्राम एक आणि वहीतला प्रोग्राम दुसरा. तसंच जावा अॅप्लेटची (ब्राउझरमध्ये चालायचे ते जावाचे छोटे प्रोग्राम) दोन प्रॅक्टिकल आहेत. अॅप्लेट कुठल्याच चालू ब्राउझरमध्ये चालत नाही, जेडीके (जावाचं किट) 11 पासून अॅप्लेट दाखवणारा अॅप्लेटव्ह्यूअर पण गेला, मग ते दाखवायला एका कोपऱ्यातल्या मशीनवर जुना जावा ठेवलाय आणि सगळ्यांनी रांगेनं तिथं जाऊन आउटपुटचा फोटो काढायचा. त्या चार तासात जावास्क्रिप्ट शिकवलं असतं तर किती बरं झालं असतं.

एक्झाम्पचं एक सांगून ठेवते, घरी टाकाल तेव्हा अपाची चालू होत नसेल आणि पोर्ट 80 अडकलंय असं येत असेल तर घाबरू नका, विंडोजची स्वतःची आयआयएस नावाची वेब सर्व्हरची सर्व्हिस तिथं बसलेली असते बऱ्याचदा. ती थांबवा नाहीतर अपाचीला 8080 द्या, आणि मग पत्त्यात लोकलहोस्टपुढं कोलन 8080 टाकायला विसरू नका.

ह्या सगळ्यावर उपाय एकच होता, मॅडम. सेमिस्टरच्या मधे एक दिवस त्यांनी सगळ्यांना आपापलं लॉगिनचं पान उघडं ठेवून उठायला सांगितलं आणि स्वतः एकेका मशीनवर बसल्या. युजरनेमच्या डब्यात त्यांनी टाइप केलं एक सिंगल कोट, मग ऑर, मग एक बरोबर एक, आणि पुढचं सगळं कमेंट, म्हणजे डेटाबेस ते वाचतच नाही. पासवर्ड काहीच नाही. एंटर. वेलकम अॅडमिन. पहिल्या मशीनवर झालं, दुसऱ्या, तिसऱ्या, माझ्या. वर्गात जवळपास सगळ्यांच्यात आत गेल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, फक्त फळ्यावर आमची क्वेरी (डेटाबेसला विचारायचं वाक्य) लिहिली आणि युजरनेमच्या जागी ते टाइप केलेलं ठेवून दाखवलं, बघा, वाक्याचा अर्थच बदलला, तुम्ही विचारताय हा माणूस आहे का आणि डेटाबेस ऐकतोय हा माणूस आहे का किंवा एक बरोबर एक आहे का. एक बरोबर एक असतंच. मग प्रिपेअर्ड स्टेटमेंट शिकवलं, क्वेरीचं वाक्य आधी वेगळं पाठवायचं आणि माणसानं भरलेलं नंतर वेगळं, म्हणजे भरलेल्याला वाक्य बदलायचा हक्कच राहत नाही. त्याच दिवशी पासवर्ड उघडे ठेवले होते म्हणून पासवर्ड-हॅश (पासवर्डऐवजी त्याचा उलटा न फिरवता येणारा ठसा ठेवणं) पण शिकवलं, एमडी5 ही जुनी कच्ची पद्धत नाही, पीएचपीचं स्वतःचं पासवर्ड-हॅश. जर्नलमध्ये एमडी5 च आहे, पण व्हायव्हाला मॅडम एमडी5 दिसलं की सरळ कारण विचारतात.

असं शिकवणारं माणूस मिळणं अवघड आहे. ह्यासाठीच मी घ्या म्हणते.

आता प्रोजेक्ट. बहुतेक जणींनी लायब्ररी मॅनेजमेंट नाहीतर स्टुडंट रिझल्ट केलं, लोकलहोस्टवर दाखवलं, मार्क घेतले, झालं. कॉलेज होस्टिंग, म्हणजे साईट ठेवायला नेटवरचा सर्व्हर, देत नाही, मागितलं तर गरज काय म्हणून विचारतात. मी अण्णांच्या दुकानाची साईट केली आणि ठरवलं की ही खरोखर चालवायची. अण्णांना आधी पटंना. "काय गं पोरी, आपला माल लोक हात लावून घेतात, फोनवर बघून कोण घेणार?" पण लातूरकडचे, विजापूरकडचे गिऱ्हाईक रोज फोन करून फोटो पाठवा फोटो पाठवा म्हणतात हे त्यांना पण माहिती होतं. शेवटी म्हणाले, "बघ करून, डोमेनचे पैसे मी देतो." डॉट इनचं डोमेन घेतलं, साधं शेअर्ड होस्टिंग घेतलं, फायली चढवल्या, आणि लोकलहोस्टवर सोन्यासारखी चालणारी साईट एका रात्रीत पाच ठिकाणी मोडली.

पहिलं, फोटोच दिसंनात. निम्मे दिसायलेत, निम्मे नाही. कारण विंडोजला फायलीच्या नावातलं मोठं अक्षर लहान अक्षर सारखंच, आणि होस्टिंग लिनक्सवर, तिथं दोन्ही वेगवेगळ्या फायली. मोबाईलनं काढलेल्या फोटोंची शेपटी (नावाच्या शेवटचं डॉट जेपीजी) मोठ्या अक्षरात आणि कोडमध्ये मी लहान अक्षरात लिहिलेली. एवढंच कारण.

दुसरं, जे फोटो दिसत होते ते सावकाश. एकेक फोटो चार-पाच एमबीचा, पानावर चाळीस चादरी. दुकानातल्या वायफायवर चालायचं, पण अण्णांनी आपल्या मोबाईलवर उघडलं तर दहावी चादर यायच्या आत त्यांनी फोन खाली ठेवला. सगळे फोटो 800 पिक्सेल रुंदीला आणले, शंभर-सव्वाशे केबीवर, आणि खालचे फोटो तिथंपर्यंत सरकल्यावरच येतील असं लेझी लोडिंग लावलं.

तिसरं, ऑर्डरची वेळ. सकाळी अकराला टाकलेली ऑर्डर साडेपाचला टाकलेली दिसायली. अण्णा म्हणाले, "पहाटे साडेपाचला कोण टॉवेल मागवतंय?" सर्व्हर यूटीसीवर (जगाची प्रमाण वेळ) होता, आपण साडेपाच तास पुढं, टाइमझोन एशिया-कोलकाता केलं की झालं. चौथं, दोन लिंकमध्ये मी लोकलहोस्ट असा पत्ताच लिहून ठेवलेला, तो माझ्या मशीनशिवाय कुठं चालणार.

पाचवं सगळ्यात जास्त दुखलं. मालाची नावं मी मराठीत ठेवली होती, कारण अण्णांचे गिऱ्हाईक मराठी वाचतात. होस्टिंगवर डेटाबेस तयार करताना मी बघितलंच नाही, ते टेबल लॅटिन1 मध्ये (युरोपातल्या भाषांपुरती जुनी अक्षरपद्धत) तयार झालं. साईट उघडली तर जिथं सोलापुरी लिहिलेलं होतं तिथं आठ प्रश्नचिन्हं. मी मोजली, आठ. सो, ला, पु, री, कानाला चार अक्षरं, मग आठ कशी? तेव्हा मॅडमचं एक लेक्चर आठवलं जे मी अर्धवट ऐकलेलं. युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणारी पद्धत) स वेगळा, ओकार वेगळा, ल वेगळा, काना वेगळा, असे आठ कोड. यूटीएफ-8 मध्ये (ते कोड साठवायची पद्धत) देवनागरीचा प्रत्येक कोड तीन बाइटचा, म्हणजे सोलापुरी एवढा एक शब्द 24 बाइट. पीएचपीला स्ट्रलेन (बाइट मोजणारं फंक्शन) विचारलं तर 24 सांगतो, एमबी-स्ट्रलेन (कोड मोजणारं) विचारलं तर 8. मी दोन्ही चालवून बघितलं, तसंच आलं. लॅटिन1 मध्ये देवनागरीला जागाच नाही, म्हणून प्रत्येक कोडच्या जागी त्यानं एक प्रश्नचिन्ह ठेवलं. आणि वाईट हे की एकदा प्रश्नचिन्ह झालं की मूळ अक्षर गेलं, नंतर टेबल बदललं तरी ते परत येत नाही. सगळी नावं परत भरावी लागली, दोनशेच्या वर नावं, रात्री साडेबारापर्यंत बसले. टेबल यूटीएफ8एमबी4 केलं, कनेक्शनचा कॅरसेट (अक्षरपद्धत) पण तोच केला (हे दुसरं विसरू नका, टेबल बरोबर आणि कनेक्शन चूक असेल तरी अक्षरं बिघडतात), पानाच्या वर मेटामध्ये पण तेच. नुसतं यूटीएफ8 निवडू नका, मायएसक्यूएलमध्ये ते जास्तीत जास्त तीन बाइटचंच आहे, मराठी चालेल पण गिऱ्हाइकानं इमोजी टाकला की अडेल.

कुलपाचं म्हणजे एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळालं, 90 दिवसांचं असतं, होस्टिंगवर आपोआप नवीन होईल असं लावून ठेवा आणि तरी तारीख एकदा कॅलेंडरवर लिहून ठेवा.

ह्या पाचपैकी एक पण गोष्ट लॅबमध्ये कधी आली नसती, कारण लॅबमध्ये सर्व्हर पण तोच, ब्राउझर पण तोच, माणूस पण तोच. माझी कॉलेजला कळकळीची विनंती आहे की प्रत्येक प्रोजेक्ट एकदा तरी बाहेरच्या सर्व्हरवर चढवायला लावा, एक स्वस्त सर्व्हर सगळ्या वर्गात मिळून पुरतो. त्याच होस्टच्या ओळीवर साठ पोरांच्या साठ साईट एका आयपीवर चालतील, मॅडमनी पहिल्या महिन्यात हेच तर शिकवलंय.

परीक्षेबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही. थिअरी पेपर पाठांतराचा, गेट आणि पोस्टमधला फरक, डॉम म्हणजे काय, सीएसएसचे प्रकार, एक्सएमएल आणि एचटीएमएल, हे फिरून फिरून येतं. लिहायचा सराव ठेवा. व्हायव्हा मात्र खरा असतो, तिथं मॅडम आपलाच कोड उघडून एका ओळीवर बोट ठेवतात आणि ही का लिहिली विचारतात. कुणाचा तरी प्रोजेक्ट विकत आणून दाखवायचा विचार असेल तर हा विषय घेऊ नका.

बरेच जण विचारतात की शहरात तीन महिन्यात फुल स्टॅक शिकवणारे क्लास आहेत, रिअॅक्ट शिकवतात, नोड शिकवतात (दोन्ही जावास्क्रिप्टवरचीच साधनं), मग कॉलेजचा हा पीएचपीचा विषय कशाला. माझ्या मामाच्या मुलानं तसा एक क्लास केलाय, त्याच्याकडं दिसायला माझ्यापेक्षा चांगल्या साईटी आहेत हे मी मान्य करते. पण त्याची साईट एक दिवस नुसती पांढरी दिसायली तर तो क्लासच्या सरांना फोन लावत बसलेला. मी त्याच्या ब्राउझरमध्ये नेटवर्कचा टॅब उघडला, एक रिक्वेस्ट लाल, 500, म्हणजे सर्व्हरच्या आतच काहीतरी बिघडलंय. म्हटलं, पानात काही नाही बघायचं, सर्व्हरचा लॉग उघड. डेटाबेसचा पासवर्ड बदललेला आणि कोडमध्ये जुनाच. हे मला रिअॅक्ट न येता सापडलं. रिअॅक्ट आता मी पण शिकतेय, एमडीएनवर (वेबची माहिती देणारी मोझिलाची साईट) वाचून आणि यूट्यूबवर बघून, आणि सोपं जातंय, कारण खाली काय चाललंय ते माहिती आहे. आधी हे आणि मग ते असं करा, उलटं केलं तर फार धडपडावं लागतं.

कुणासाठी नाही ते पण सांगते. ज्यांना घरी कॉम्प्युटर नाही आणि लॅबच्या वेळेवरच भागवायचंय त्यांना त्रास होईल, कारण दोघीत एक मशीन म्हणजे एकीचाच हात कीबोर्डवर राहतो. अशांनी संध्याकाळी लायब्ररीतली मशीन मिळतात ती धरावीत, चारनंतर रिकामी असतात, माझी पार्टनर तसंच करायची आणि तिला माझ्यापेक्षा चांगले मार्क आहेत. आणि पीएचपी-मायएसक्यूएल मोबाईलवर शिकायला जाऊ नका, डोळे जातील.

साईट आता चार महिने चालू आहे. रोज काही पन्नास ऑर्डर येत नाहीत, पण फोटो पाठवा म्हणणारे फोन कमी झालेत, अण्णा लिंक पाठवतात आणि डिझाईनचा नंबर सांगा म्हणतात. मागच्या आठवड्यात दुकान बंद करताना त्यांनी मला थांबवलं, म्हणाले, मराठी झालं, आता वर दुकानाचं नाव आमच्या तेलुगूत पण येईल का, माझी आई फक्त तेलुगू वाचती. मी काऊंटरवरच्या मशीनवर बसले, तेलुगू कीबोर्ड त्यांनी मोबाईलवर लावलेला होता, त्यांनी स्वतः टाइप करून मला पाठवलं, मी ते कॉपी करून टेबलात टाकलं आणि पान रिफ्रेश केलं. पहिल्याच खेपेला बरोबर आलं. त्यांनी फोन घेतला, तसाच खिशात न ठेवता हातात धरून घरी गेले.